पिकतं किती, एवढंच विचारलं

सातबाऱ्यावर दोन शब्द असे असतात की उतारा काढणारा त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाही. एक ‘पोटखराबा’ आणि दुसरा ‘आकारणी’. आमच्या वाट्याला आलेल्या जिरायत तुकड्याची आकारणी दोन रुपये आणि वर काही पैसे आहे. तो सारा भरायला तालुक्याला जायचं तर पेट्रोलच त्याच्या कितीतरी पट जातं. त्यामुळं या आकड्याचं आज हसू येतं. पण दोनशे वर्षांमागं याच रकान्यातल्या आकड्यापायी इंदापूर तालुक्यात वहितीखालच्या जमिनी ओस पडल्या आणि माणसं बैलं हाकत परागंदा झाली. तो आकडा ज्यानं काढला, तो अडाणी किंवा जुलमी नव्हता. उलट त्याच्याइतका शिकलेला महसूल अधिकारी दख्खननं तोवर पाहिलाच नव्हता.

शेतकरी अडचणीत आला की सरकार कायदा काय करतं, माफी किती देतं, यावर आपण भांडतो. माझ्या मते त्याआधीच्या एका गोष्टीवर सगळं ठरतं. सरकार प्रश्न कोणता विचारतं? ‘किती पिकतं?’ असा विचारलेला प्रश्न आणि ‘पिकल्याचं काय येतं?’ असा विचारलेला प्रश्न यांची उत्तरं दोन वेगळ्या गावांना जातात. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत एकाच ब्रिटिश सत्तेनं हे दोन्ही प्रश्न विचारले. ‘पिकल्याचं काय येतं?’ हा स्वतःच्या देशातल्या जमीनदारांसाठी, ‘किती पिकतं?’ हा आपल्याकडच्या रयतेसाठी.

आधी एक गोष्ट कबूल करतो, म्हणजे पुढं कुणी ‘पेशवाईत सोन्याचा धूर निघत होता का’ असं विचारायला नको. तो निघत नव्हता. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख तुडवला आणि त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. त्यातून उठायच्या आत दुसऱ्या बाजीरावानं महालांचे, म्हणजे वसुलीच्या विभागांचे, मक्ते द्यायला सुरुवात केली. जास्त बोली लावणाऱ्याला महाल मिळायचा. तो फोड करून पुढं पोटमक्ते द्यायचा आणि शेवटी ओझं गावच्या पाटलावर यायचं. पाटलानं नकार दिला तर मक्तेदाराचा माणूस गावात येऊन बसायचा. मक्ता वर्षा-दोन वर्षांचा, तोही कुणी वरचढ बोली लावली की जायचा. मग मक्तेदारानं पुढच्या हंगामाची फिकीर का करावी? माधवराव आणि नाना फडणवीस यांच्या काळात कमाविसदारांवर, म्हणजे सरकारी वसूल अधिकाऱ्यांवर, जो धाक होता, पीक बुडाल्यावर पाटलानं पुण्यात खेटे घालून सूट आणायची जी वाट होती, पडीक जमीन उठवणाऱ्याला इस्ताव्याचा कौल देऊन सारा वर्षावर्षानं चढवत न्यायची जी पद्धत होती, ती या मक्त्यांनी मोडीत काढली.

म्हणून १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा कुणब्यानं फार डोळ्यांतून पाणी काढलं असेल असं मला वाटत नाही. नव्या मुलखाचा कारभार हाती घेतलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं सुरुवातीला जे धोरण ठेवलं ते खरोखर शहाणपणाचं होतं: मक्ते बंद करा, प्रत्यक्ष जेवढी जमीन लावणीखाली आहे तेवढ्याचाच सारा घ्या, तो हलका ठेवा, नवी पट्टी बसवू नका, आणि जुनी रीत शक्यतो मोडू नका. पण रयतेची स्थिती तेव्हाही नाजूक होती. पुण्याजवळच्या लोणी गावाची डॉक्टर थॉमस कोट्स यांनी १८२० च्या सुमारास बारकाईनं पाहणी केली होती. तिथल्या शेतकऱ्यांच्या ८४ कुटुंबांपैकी पंधरा-सोळा सोडली तर बाकी सगळी कर्जात होती. कंपनी सरकारची ही अगदी सुरुवात होती, म्हणजे हे कर्ज काही इंग्रजांनी आणलेलं नव्हतं. आपल्याकडं इतिहास सांगताना हा तपशील बरेचदा गाळला जातो.

मग शांतता आली, आणि शांततेनंच घात केला. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशेब सोपा आहे. पेशव्यांची आणि सरदारांची घोडदळं होती तोवर घोड्याच्या चंदीला हरभरा लागत होता, वैरण लागत होती, छावण्यांना ज्वारी-बाजरी लागत होती. पुणं हेच एक मोठं गिऱ्हाईक होतं. १८१८ नंतर फौजा मोडल्या. खाणारा घोडा गेला आणि त्यावर बसणारा शिलेदार गावी येऊन नांगर धरू लागला. लुटालूट थांबल्यानं पडीक रानं पुन्हा पेरली जाऊ लागली. गिऱ्हाईक घटलं, माल वाढला, आणि तो माल घाट उतरवून बंदरावर नेण्याजोगा रस्ता नव्हता. बोर घाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० मध्ये सुरू झाला. तोवर सगळी वाहतूक लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. ज्वारीसारखं जड आणि स्वस्त धान्य बैलाच्या पाठीवर किती लांब परवडणार? सुगीत पेवं भरलेली आणि घरात रुपया नाही, अशी गत झाली. १८२० नंतर भाव जे कोसळले ते वीसेक वर्षं नीट सावरलेच नाहीत. अधूनमधून अवर्षण पडलं, उदाहरणार्थ १८२४ मध्ये, की भाव चढायचा. पण तेव्हा शेतकऱ्याकडं विकायलाच काही नसायचं.

नेमकं याच सुमाराला इंग्लंडमध्येही भाव कोसळत होते, आणि कारणही सारखंच होतं. नेपोलियनशी चाललेली लढाई १८१५ मध्ये संपली. १८१२ मध्ये क्वार्टरमागं (हे धान्याचं इंग्रजी माप) १२६ शिलिंगांपर्यंत चढलेला गहू १८२२ मध्ये ४५ च्या आत आला. तिथल्या पार्लमेंटनं काय केलं? १८१५ मध्येच धान्य कायदा करून टाकला: देशातला गहू ८० शिलिंगांवर गेल्याखेरीज परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. त्यानंतर ‘शेतीवरच्या संकटा’ची चौकशी करायला १८२१, १८२२, १८३३ आणि १८३६ मध्ये समित्या बसल्या. समितीपुढं शेतकरी, दलाल, जमीनदार येऊन सांगत होते की या भावात आम्हाला परवडत नाही, आणि सभासद ते लिहून घेत होते. ‘तुमच्या शेतात नेमकं पिकतं किती ते आधी मोजू द्या, मग बोलू’ असं त्यांना कुणी सुनावलं नाही.

त्या कायद्याची मी तरफदारी करत नाही. तो ज्यांनी केला तेच जमिनीचे मालक होते. त्यानं भाव सावरले नाहीतच, वर गिरणीतल्या कामगाराची भाकरी महाग केली. शेतमजुराला तर त्यातून काहीच मिळालं नाही. १८३० मध्ये केंटपासून सुरुवात करून दक्षिण इंग्लंडातल्या मजुरांनी मळणीयंत्रं फोडली आणि गंजी पेटवल्या. तरीही धान्य कायदा वाईट असला तरी ज्या प्रश्नाला तो उत्तर देऊ पाहत होता तो बरोबर होता. भाव पडल्यावर शेतकऱ्यानं जगायचं कसं, हा तो प्रश्न. इंदापूरच्या कुणब्याच्या बाबतीत तो त्या काळात कुणी विचारलाच नाही.

सुरुवातीला म्हटलेला तो आकडा काढणारा रॉबर्ट कीथ प्रिंगल इथं येतो. कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांना तयार करणाऱ्या हेलीबरी कॉलेजात तो शिकला. तिथं अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होता. तेव्हाचा ताजा सिद्धांत असा: दोन शेतांवर सारखाच खर्च करूनही चांगल्या जमिनीत जे जास्तीचं उत्पन्न येतं, तो जमिनीचा खंड. तो कष्टाचा मोबदला नव्हे, त्यामुळं तो काढून घेतला तरी शेती थांबत नाही. रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं हाच विचार इंग्लंडमध्ये जमीनदारांविरुद्ध, धान्य कायद्याविरुद्ध वापरला होता. तिथं जमीनदारानं त्याला दाद दिली नाही. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीत, मात्र जेम्स मिलसारखे लोक बसलेले होते. त्यांचं म्हणणं, हिंदुस्थानात जमिनीचा मालक सरकारच, तेव्हा हा खंड सरकारनंच घ्यावा. जे औषध घरच्या मातब्बरांनी नाकारलं ते परक्या रयतेला पाजलं गेलं. शिवाय ही रयत जमीनदार नव्हती. वंशपरंपरेनं जमीन धरणारा मिरासदार असो की बाहेरून येऊन कसणारा उपरी, बहुतेक जण स्वतःच्या बैलजोडीनं कसणारे होते.

प्रिंगलनं १८२७ च्या सुमाराला पुणे जिल्ह्यात मोजणी सुरू केली आणि १८३० पासून त्याचे दर लागू झाले. काम अफाट होतं. गावागावात रानं मोजायची, जमिनीच्या प्रती ठरवायच्या, प्रत्येक प्रतीत कोणत्या पिकाचं सरासरी किती उत्पन्न येतं ते काढायचं. मग त्यातून बी, बैल, मजुरी, अवजारं यांचा खर्च वजा करायचा. जे उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर बघितलं तर पंचावन्न टक्के घेऊनही शेतकऱ्याकडं खर्च भागून पंचेचाळीस टक्के राहतात. यापेक्षा न्याय्य ते काय, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं असणार.

आता एक शेत घेऊ. आकडे माझे, नुसते समजायला. एकूण उत्पन्न ४० रुपयांचं, खर्च २४, निव्वळ १६. त्याचे ५५ टक्के म्हणजे ८ रुपये १३ आणे सारा. पुढच्या वर्षी पीक तेवढंच आलं, पण भाव तिसऱ्या हिश्शानं उतरला. उत्पन्न आलं साधारण २६ रुपये ११ आणे. बी आणि बलुतं धान्यातच द्यायचं असतं, म्हणून खर्चही थोडा उतरला असं धरू, २० रुपये. उरले ६ रुपये ११ आणे. सारा मात्र ८ रुपये १३ आणेच. दाणा न दाणा पिकूनही घरातून दोन रुपये दोन आणे घालायचे. मोजणी अगदी काटेकोर असली, कारकून सगळे धुतल्या तांदळासारखे असले, तरी हे असंच होणार. भाव एक पायरी उतरला की निव्वळ उत्पन्न त्याहून जास्त पायऱ्या उतरतं, ही गोष्ट कुणब्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हेलीबरीत ती शिकवत नसावेत.

आणि कारकून धुतल्या तांदळासारखे नव्हतेच. हजारो शेतांची प्रतवारी साहेब स्वतः करणार नव्हता. लाच देणाऱ्याची काळी बरड झाली आणि न देणाऱ्याचा बरड काळीत गेला. पुढं सगळं खापर या देशी कारकुनांवर फोडलं गेलं, ते सोयीचंच होतं. पण वर मांडलेला हिशेब कारकुनानं बिघडवलेला नाही.

झालं काय, ते मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या कारभार अहवालात छापलेलं आहे. त्यात म्हटलंय की वसुलीसाठी कायदेशीर-बेकायदेशीर सगळे मार्ग वापरले गेले, देऊ न शकणाऱ्या रयतेचा सांगता येणार नाही असा छळ झाला, लोक घरंदारं टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाले, आणि काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी जेमतेम एक तृतीयांश जमीन कसली जात राहिली. इंदापूरपासून निजामाची हद्द, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मोगलाई’, फार लांब नव्हती. मोगलाईत कारभार काही रामराज्याचा नव्हता. तरी माणसं तिकडं गेली, कारण तिथं निदान घासाघीस करता येत होती.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड नावाचा मुलकी अधिकारी आणि विंगेट नावाचा इंजिनिअर लेफ्टनंट इंदापुरात आले. यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि तो सांगून मग तक्रार करणार आहे. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. तालुक्यात मागच्या वर्षांत सारा किती बसवला, प्रत्यक्ष वसूल किती झाला, कोणत्या दराला लावणी वाढली आणि कोणत्या दराला रानं ओस पडली, हे दप्तरातून काढलं. त्यावरून साऱ्या तालुक्याला झेपेल असा एक आकडा ठरवला आणि तो जमिनीच्या प्रतीप्रमाणं वाटून दिला. सिद्धांतावरून खाली न येता रानावरून वर जायचं, ही त्यांची रीत.

त्यांची प्रतबंदी बघण्यासारखी होती. शेताचा कच्चा नकाशा काढून त्यावर चौकोन आखायचे. दर चौकोनात खणून मातीची खोली हातानं मोजायची, पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत. मातीचा रंग आणि पोत बघायचा. मग दोष शोधायचे: चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार आहे का, पावसाचं पाणी वरून वाहून जातं का, साचून राहतं का. एक दोष सापडला की एक प्रत खाली. अशा नऊ प्रती केल्या, पहिली सोळा आण्यांची आणि शेवटची दोन आण्यांची. चौकोनाचौकोनांची सरासरी काढली की शेताची किंमत आण्यांत निघाली. एका बैलजोडीनं कसता येईल एवढ्या रानाचा एक नंबर करायचा, हद्दीला दगड आणि वरंबे घालायचे, आणि जे पिकण्याजोगंच नाही ते पोटखराबा म्हणून वगळायचं. सातबाऱ्यावरचा तो शब्द इथून आला.

दर खाली आणले आणि ३० वर्षांसाठी कायम केले. विहीर खणा, बांध घाला, सुधारणा करा, मुदतीत सारा वाढणार नाही. लोक परत आले, पडीक रानं पुन्हा वहितीत आली, आणि इंदापूरची ही पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले.

तक्रार ही, की मातीचे नऊ प्रकार ओळखणाऱ्या या पद्धतीत भाव उतरला तर काय, याला जागाच नव्हती. दर हलका आहे, तेव्हा बऱ्या वर्षी शिल्लक टाका आणि वाईट वर्षी त्यातून भरा, अशी त्यामागची अपेक्षा. पीक बुडालं म्हणून दरसाल सूट द्यायची जुनी रीत शक्य तेवढी बंद करायची, कारण सूट म्हणजे पुन्हा कारकुनाची पाहणी आणि पुन्हा लाच. हा मुद्दा पोकळ नाही. ठरावीक साऱ्यामुळं मेहनती माणसाला उत्तेजन मिळतं, हेही खरं. पण वर्षाला नेम नसलेलं उत्पन्न आणि रुपयात ठरलेला, तारखेला भरायचा हप्ता यांच्यामधलं अंतर कुणीतरी भरून काढावं लागतंच. पूर्वी ते थोडं पाटील भरायचा, थोडं गाव, आणि सरकार बरं असलं तर थोडं सरकार. आता वाटाघाट करणारा पाटील बाजूला झाला आणि प्रत्येक खातेदार एकटा सरकारपुढं उभा राहिला. अंतर भरायला उरला फक्त सावकार. १८२७ नंतरच्या नव्या दिवाणी कोर्टांत त्याचं कर्जखत पुरेसा पुरावा ठरत होतं. सारा हलका झाल्यानं जमिनीला किंमत आली, आणि किंमत आली म्हणून ती गहाण ठेवण्याजोगी झाली. कोर्टांच्या जोरावर सावकार रयतेला नागवतोय, असा इशारा १८५२ मध्ये खुद्द विंगेटनंच सरकारला दिला होता. स्वतःच्या कामाचा दुसरा चेहरा बघून तो उघड सांगणारे अधिकारी थोडेच असतात.

आपण आजही प्रिंगलच्याच रांगेत उभे आहोत असं मला पीक कापणी प्रयोगाच्या दिवसांत हटकून वाटतं. शेतात चौकोन आखतात, त्यातलं पीक कापून वजन करतात, त्यावरून विम्याचं ठरतं. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी असे तीन-तीन कागद निघतात. सोळा आण्यांच्या जागी शंभर पैसे आले एवढाच बदल. पन्नास पैशांच्या वर पैसेवारी गेली की गावाला दुष्काळाच्या सवलती नाहीत, असा दंडक वर्षानुवर्षं होता. आणि ज्या वर्षी पीक उत्तम येतं, शंभर पैसे पिकतं आणि बाजारात कांद्याला काढणीचा खर्चही सुटत नाही, त्या वर्षी या सगळ्या तक्त्यांप्रमाणं गावात काहीच घडलेलं नसतं. हमीभाव आहेत, ते जाहीर होतात. खरेदी केंद्रावरच्या रांगेत जो उभा राहिलाय त्याला त्यावर मी वेगळं सांगायला नको.

इंदापूरची ती ३० वर्षांची मुदत १८६७ च्या सुमाराला संपली. मधल्या काळात रेल्वे आली होती, आणि अमेरिकेतल्या यादवीमुळं १८६१ ते १८६५ मध्ये कापसाला आणि त्यामागोमाग सगळ्याच मालाला भाव चढला होता. फेरआकारणी करणाऱ्यांनी तो चढा भाव बघितला आणि सारा सुमारे दीडपटीवर नेला. मग शेजारच्या भीमथडीची पाळी आली. तोवर भाव उतरू लागले होते. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, सुप्यात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडून वह्या आणि खतं पेटवून दिली. चौकशीला आयोग बसला. त्यातल्या ऑकलंड कॉल्विन या सभासदानं वेगळं टिपण जोडून साऱ्याच्या वाढीकडं बोट दाखवलं. बाकीच्यांचा भर सावकारावर राहिला. त्यातून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यात कर्जाच्या हिशेबावर कलमं आहेत, खतांच्या नोंदणीवर आहेत, तडजोडीवर आणि गावमुन्सफांवर आहेत. साऱ्याच्या दरावर एकही नाही.